चौदा नंबरचा बिल्ला

४ नोव्हेंबर, मंगळवार

रावजी हवालदार आला तो नेमका गर्दीत. जेलच्या मुलाखतीचा दिवस, समोर पंधरा-वीस माणसं, सगळ्यांनाच आधी आत जायचं. माझ्या एका हातात त्यांचे मोबाईल, एका हातात बिल्ले. आणि हा मधीच — "आक्काबाई, नवनाथची फाईल निघालीय. तुमचा जबाब लागंल."

कसला जबाब? तर, भाऊ सुटला तर घरी घेणार का. हो नायतर नाय, आणि खाली सही. पंधरा वर्षं झाली त्याला आत. आई-बाप गेले. बायको त्यानंच मारली. मग विचारायला राहिलं कोण? मी!

म्हणलं, साहेब, रांग दिसती ना? नंतर या.

"महिनाअखेर वरती पाठवायचंय. बघा बाई."

बघते. त्यात काय बघायचं.

ताडपत्री उजव्या कोपऱ्यात आणखी फाटली. ऊन थेट डोक्यात.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज मुलाखत नाय, म्हणजे दुकान पण नाय. अंजलीला सांगितलं. मेथी निवडत होती. मान वर केली नाय.

"तुला वाटेल ते लिही, आत्या. पण तो इथे आला तर मी होस्टेलला जाईन."

'तो' म्हणती. बाबा म्हणत नाय. सहा वर्षांची होती, खाटेखाली होती, सगळं बघितलं तिनं. तिच्या आईच्या, रूपालीच्या डोक्यात पाट घातला नवनाथनं. कशावरून? फुलं तोडायला उशीर झाला म्हणून. झेंडूची फुलं! तेव्हापासून पोरगी माझ्याकडं. ह्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाय, आपली म्हणून वाढवली. आता ते पण नाहीत. ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला.

घर दोन खोल्यांचं. एका खोलीत तो, एका खोलीत ती. मधी मी भिंत होऊन उभी राहू का?

७ नोव्हेंबर, शुक्रवार

बारकू चहावाला सकाळीच पेपर नाचवत आला. "आक्का, तुझं दुकान गेलं! जेल कंपनीला देणार!"

मोबाईल आत नेऊ देत नाहीत म्हणून लोक माझ्याकडं ठेवतात. गेटासमोर, रस्त्याच्या ह्या बाजूला, एक टेबल आणि वर ताडपत्री. एवढंच दुकान. बारकू म्हणतो, कंपनी मशीन बसवंल, आकडा दाबला की कप्पा उघडंल, तुला कोण विचारतं. म्हणलं, मशीन मोबाईल ठेवतं तर चहा पण करतं. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

मग रांगेतच सुरू झालं सगळ्यांचं. एक म्हणाला, बरं होईल, एकाच्या जागेत तिघं झोपतात, कंपनी निदान पंखा तरी लावंल. दुसरा म्हणाला, पंखा लावंल आणि वाऱ्याचे पैसे घेईल. एक बाई म्हणाली, आत्ता जेवणात किडा निघाला तर सरकारला शिव्या देता येतात, कंपनीला कुठं शोधायचं?

तेवढ्यात वकिलाचा एक कारकून होता तो बोलला. सावकाश बोलला, म्हणून सगळ्यांनी ऐकलं. "सरकार कंपनीला माणसामागं पैसे देणार. जितकी माणसं आत तितकी कमाई. मग सुटायचे कागद कोण हलवंल? दाबून ठेवतील."

 कुसाबाई मटकन खालीच बसली. ही सटाण्याकडची, अहिराणी बोलती, दोन गाड्या बदलून येती. पोरगा साई, सजा लागलेला. "मंग मना साईनं काय वं, आक्का?" म्हणाली. म्हणलं, मला काय माहीत, मी काय कंपनी हाय?

पण माझ्या डोक्यात दुसरंच आलं. लिहीत नाय.

८ नोव्हेंबर

लिहिते. कंपनी आली आणि त्याचा कागद दाबला, तर मला जबाब द्यायला नको. बस.

११ नोव्हेंबर, मंगळवार

घाईत एका नव्या माणसाच्या हातात चौदा नंबरचा बिल्ला गेला. चटका बसल्यासारखा टाकला त्यानं! जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, असं इथं सगळ्यांच्या डोक्यात. वकील कितीही सांगू दे. चौदा कुणी घेत नाय. माझी रांग तेरावर थांबती आणि पंधरापासून पुढं जाती.

बारकू म्हणतो फेकून दे. कशाला फेकू? सत्तावीस बिल्ले ह्यांनी पत्रा कापून केले, खिळ्यानं नंबर ठोकले. सव्वीस ठेवून काय करू.

आठ वर्षांपूर्वी मी पण मुलाखतीलाच आले होते. सात वर्षं गेलेच नव्हते, मग ह्यांनी हट्ट धरला, जा एकदा, सख्खा भाऊ हाय. नाव लावलं, नंबर आला, गेटावरच्यानं हाक मारली — आणि माझे पाय उचलेनात. झाडाखाली बसले. एक बाई धावत आली, "ताई, एवढा मोबाईल धरा ना, मला आत सोडत नाहीत." धरला. मग तिच्यामागची आली. मग आणखी एक. संध्याकाळी ओटीत सात मोबाईल. दुसऱ्या आठवड्यात ह्यांनी टेबल आणून दिलं.

आत काय मी गेले नाय. आजपर्यंत नाय. लोकांना वाटतं जाते. कुणी विचारत नाय, मी सांगत नाय.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

अंजलीच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धा. विषय काय? जेल कंपनीला द्यावं का! चिठ्ठ्या टाकल्या, तिच्या वाटणीला 'द्यावं' आलं. म्हणलं, बदलून घे. म्हणाली, "कारण काय सांगू, आत्या?" कॉलेजात कुणाला ठाऊक नाय तिचा बाप कुठं हाय ते. विचारलं की गेला म्हणून सांगती.

रात्री ओट्याला टेकून म्हणून दाखवलं. सरकारला शिपाई पुरत नाहीत. डॉक्टर पुरत नाहीत. कंपनीशी करार करायचा, नीट नाही ठेवलं तर करार मोडायचा. सरकारशी कुठं मोडता येतो? वगैरे वगैरे. चांगलं बोलती. हात मात्र लय हलवती.

"कसं झालं?"

म्हणलं, मला पटलं. कंपनीनं न्यावं एकदाचं.

तिनं माझ्याकडं बघितलं.  मग कागद गुंडाळून झोपायला गेली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दोन पोरी आल्या, गळ्यात ओळखपत्र, हातात पाटीसारखा मोठा मोबाईल. लोकांचं मत घेतो म्हणाल्या. कुणाकडनं आल्या ते सांगितलं पण इंग्रजीत, मी काय लक्षात ठेवते. मंजुषा नाव होतं एकीचं, गोड बोलायची. "मावशी, तुम्ही रोज इथे असता, तुमचं मत महत्त्वाचं."

महत्त्वाचं! आजपर्यंत कुणी म्हणलं नव्हतं. फुगले मी.

"तुमचं कुणी आत आहे का?"

भाऊ.

"कंपनीने चालवलं तर चालेल?"

चालेल.

"काही म्हणतात, कंपनी कैद्यांना लवकर सोडणार नाही. त्याची भीती वाटते का?"

म्हणलं, भीती कसली? ठेवा म्हणावं. काही जणांना ठेवलेलंच बरं.

टक टक करून लिहून घेतलं. मोठ्यानं बोलायची सवय आठ वर्षांची, गर्दीत ओरडावं लागतं. रांगेत सगळ्यांनी ऐकलं. कुसाबाई तिसऱ्या नंबरला उभी होती.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

कुसाबाई आली, मोबाईल बारकूकडं दिला. माझ्यासमोर! बारकू बिचारा किटलीमागं लपवत होता.

म्हणलं, काय गं, माझ्या टेबलाला काटे आले का?

फटकन वळली. "तुना भाऊ मधमा शे ना वं? सख्खा भाऊ! आनि तू सांगस, ठेवा दाबीसन! तुनाकडे मोबाईल नई ठेवस मी."

म्हणलं, माझ्या भावानं काय केलं ते तुला ठाऊक हाय का?

"मना पोर्‍यानी काय करं ते तुले ठाऊक शे का?"

नाय ठाऊक. चार वर्षं तिचा मोबाईल ठेवते, कधी विचारलं नाय. इथं विचारत नाहीत एकमेकांना.

दुपारपर्यंत नऊच बिल्ले गेले. बाकीचे बारकूच्या बाकावर. त्याच्याकडं नंबर नाहीत का काही नाय. संध्याकाळी दोघांचे मोबाईल अदलाबदल झाले आणि भांडण लागलं. मी बघत बसले. मजा नाय वाटली, खोटं कशाला लिहू.

१९ नोव्हेंबर

पंचवटीत भाजीला गेले. परत येताना गंगेवर, गोदेच्या घाटावर बसले थोडं. कशाला बसले कुणास ठाऊक. वांगी विसरले तिथंच.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

अंजलीला स्पर्धेतनं काढलं!

घरी आली ती हसत आली, म्हणून मला वाटलं जिंकली. विचारलं तर म्हणती, अर्ध्यात बाजू बदलली. 'द्यावं' म्हणून उठली आणि चार वाक्यं झाल्यावर थांबली. मग म्हणे बोलली — शिक्षा आपण सगळ्यांनी मिळून दिली. मग माणूस आत ठेवायचं काम आपलं. ते दुसऱ्याला भाड्याने द्यायचं, आणि तो आत का आहे असं कुणी विचारलं की कंपनीकडे बोट दाखवायचं, हे मला जमत नाही. परीक्षक बाई म्हणाल्या, तू चुकीच्या बाजूने बोलतेयस. ही म्हणाली, हो मॅडम, कळलं मला आत्ताच. आणि खाली बसली.

"बापाचं सांगितलं का?"

"नाही. ते कशाला सांगू? आणि आत्या, त्याने सुटावं असं मी म्हणत नाहीये हां. वेगळं बोलतेय मी."

कळलं मला वेगळं काय ते. मी शाळेत चौथीपर्यंत गेले, पण एवढं कळतं. भाकरी करपली. दुसरी टाकली, ती पण करपली.

२२ नोव्हेंबर, शनिवार

बारकूनं फोन करून वाचून दाखवलं. कंपनीचं काही नाय! पेपरात आलंय, असा काही विचारच नव्हता. मग त्या पोरी काय लिहून घेऊन गेल्या? बारकू म्हणतो, "सोड आक्का, आपली दुकानं वाचली!"

म्हणजे कागद कुणी दाबणार नाय. कागद माझ्याकडंच.

२४ नोव्हेंबर, सोमवार

रावजी घरी आला. बसला, पाणी घेतलं, फाईल उघडली. चांगला माणूस हाय, पण पेन लय वाजवतो.

"हं. बोला. घेणार का नाही?"

अंजली आतल्या खोलीत होती. पंखा बंद केला तिनं. ऐकायला.

मी म्हणलं, परवा देते.

"अहो, परवा परवा करत महिना गेला. एक शब्द तर लिहायचाय. नाही म्हणायचंय ना? नाही लिहितो, सही करा, विषय संपला. त्याला काय तुम्ही समोर जाऊन सांगायचंय?"

तेच. त्याला कोण सांगणार? हा कागद रावजी वरती देणार, वरचा खाली देणार, कुणी तरी शिपाई बराकीत जाऊन वाचून दाखवणार, बहीण नको म्हणती. म्हणजे मी कंपनीच लावली की मधी.

म्हणलं, आधी त्याला सांगून येते. मग तुम्हाला.

रावजीनं पेन वाजवायचं थांबवलं. आतला पंखा सुरू झाला.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

सगळं लिहिते. नाय लिहिलं तर उद्या वेगळंच आठवंल.

टेबल लावलं. मग लक्षात आलं, माझा मोबाईल कुठं ठेवू? आठ वर्षं लोकांचे ठेवले आणि स्वतःचा ठेवायला जागा नाय. बारकूचा भरवसा नाय, परवाच घोळ घातला त्यानं. उभी राहिले तशीच. कुसाबाई लांब बाकावर होती. उठून आली.

"कोठे चालनी?"

आत. भावाकडं. पहिल्यांदा.

"पहिल्यांदा?" म्हणाली.  टेबलामागं जाऊन माझ्या स्टुलावर बसली. "जाय तू. मी बससू आठे." आणि हात पुढं केला.

मोबाईल दिला. डब्यात हात घालून चौदा नंबर काढला आणि मीच घेतला. ती बघत होती. म्हणलं, दुसरं कोण घेणार हाय हा?

गेटावरचा शिपाई, "काय आक्का, कुणाचा मोबाईल राहिला का?" म्हणलं, मुलाखत. आधार कार्ड दिलं. त्यानं एकदा कार्डाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. वहीत नाव लिहिलं.

आत काच. काचेच्या दोन्ही बाजूंना फोन. एक म्हातारा आणून बसवला. मला वाटलं चुकीचा आणला. केस सगळे पांढरे, पुढचे दोन दात नाहीत. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान हा!

फोन उचलला. मी त्याला काही बोलूच दिलं नाय. म्हणलं, नवनाथ, माझ्याकडं जबाब मागितलाय. मी 'नाय' असं लिहिणार. अंजली माझ्याकडं हाय, ती हाय तोवर तू त्या घरात यायचं नाय. ती गेली तरी यायचं नाय. रूपालीला मी नांदायला आणली होती तुझ्याकडं, मीच बघून आणली होती. हे सांगायला आले.

एका दमात. 

तो म्हणाला, "बरं."

एवढंच. मला राग आला. काही तरी म्हण ना बाबा! रड, भांड. तर म्हणाला, "मी मागितलं नव्हतं, आक्का. वर्षं भरली की कागद आपोआप निघतो. मी सुटलेल्यांना ठेवून घेणाऱ्या एका संस्थेचं नाव दिलंय, तिथं शिवणकाम हाय. तिथं घेतलं तर घेतलं."

 वर घड्याळ. शेजारच्या काचेला एक बाई लहान लेकरू दाखवत होती.

उठणार होते. तर म्हणाला, "ताडपत्री बदल गं. उजवीकडनं फाटलीय. ऊन येत असंल तुझ्यावर."

म्हणलं, तुला काय ठाऊक?

"शिवणखात्यात वर झरोका हाय. स्टुलावर उभं राहिलं की रस्त्याची पलीकडची बाजू दिसती. माणूस ओळखू येत नाय एवढ्या लांबनं. निळं दिसतं तेवढं." मग म्हणाला, "एकानं सांगितलं होतं, मोबाईल ठेवणारी आपल्या मखमलाबादची हाय, आक्काबाई नावाची. आठ वर्षं झाली. मुलाखत नसली की निळं नसतं. त्या दिवशी शिलाई वाकडी जाती."

वेळ संपली.  

बाहेर आले. कुसाबाईनं सगळे बिल्ले बरोबर दिले होते, एक पण चूक नाय. चौदा नंबर तिच्या हातावर ठेवला. मोबाईल दिला तिनं. तिला विचारलं, साईनं काय केलं गं? तिनं सांगितलं. ते इथं लिहीत नाय. तिचं हाय.

२६ नोव्हेंबर, बुधवार

रावजीला जबाब दिला. घरी घेणार नाय. सही केली. अंजलीनं वाचून बघितलं, मग त्याला चहा केला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

द्वारका चौकात गेले ताडपत्रीला. अंजली म्हणाली होती हिरवी आण, डोळ्याला बरी. दुकानदार पण म्हणाला, "मावशी, हिरवी घ्या, निळी उन्हानं लवकर विटते."

निळीच घेतली.